कुंकवाखालचा फौजी

"या गृहस्थांना कपाळात गोळी लागल्यावर फोटो काढायची कल्पना कोणाची होती?" सातूने विचारलं.

कनक गार पडली. शेजारी बसलेल्या तिच्या आजोबांच्या, आबांच्या, मांडीवरची पिशवी घसरून खाली आली, तरी ती उचलायचं कोणाला सुचलं नाही.

सातू हा तालुक्याच्या फोटो-दवाखान्यातला यंत्रमानव. सरकारी कागदावर त्याचं नाव 'प्रतिमा-दुरुस्तक क्रमांक सात' असं होतं, पण ते पूर्ण म्हणेपर्यंत फोटो आणखी जुना व्हायचा. साल होतं २०५१. एवढ्या काळात यंत्रमानव नम्र झाले होते, शहाणे व्हायचे बाकी होते.

"लाल द्रव कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरलेला आहे," सातू शांतपणे म्हणाला. "तरीही गृहस्थ सावधान उभे आहेत. शिस्त वाखाणण्यासारखी आहे."

"कुंकू आहे ते," आबा म्हणाले. "गोळी कसली?"

मग आबांनी सगळं सांगितलं. फोटो त्यांच्या वडिलांचा, फौजेतले नाईक बाळकू निकम यांचा. एकाहत्तर सालच्या लढाईवर जाण्याआधी बाजारपेठेतल्या स्टुडिओत काढलेला. वडील परत आले नाहीत आणि आबा जन्मले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. आबा दोन वर्षांचे असताना तसबिरीची काच फुटली. नवी आज बसवू, उद्या बसवू असं म्हणताना ती राहूनच गेली. मात्र दर दसऱ्याला फौजीला कुंकू लावायची रीत चुकली नाही. घरात सुना सात, त्यामुळे कुंकवंही सात. शिवाय आधीचीने लावलेलं पुसायचं नाही, तो फौजीचा अपमान. आबांना समज येईपर्यंत टोपी दिसत होती, छाती दिसत होती आणि मधे एक लाल डोंगर.

"ऐंशीला टेकलो," आबा म्हणाले. "बापाचं तोंड बघितलेलं नाही. मी कोणावर गेलोय, तेवढं एकदा बघायचंय."

"अकरा सेकंद थांबा," सातू म्हणाला.

बाराव्या सेकंदाला पडद्यावर एक फौजी उभा राहिला. भरदार मिशी, करारी डोळे, छातीवर मूळ फोटोत नसलेलं एक पदक. आबांनी उठून टोपी काढली. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"दादा," ते पुटपुटले. घरात त्यांच्या वडिलांना सगळे दादाच म्हणत.

कनकलाही भरून आलं. डोळे पुसायला तिने मान वळवली आणि ती तशीच राहिली. समोरच्या भिंतीवर सातूने दुरुस्त केलेल्या फौजींचे नऊ फोटो होते. नऊ घरांचे, नऊ गावांचे. सगळ्यांना तीच मिशी आणि तेच डोळे. पदकही तेच. त्यातल्या एका फोटोखाली 'परिचारिका' असं लिहिलेलं होतं.

आबा अजून हात जोडून उभे होते. कनकला वाटलं, गप्प बसावं. खूश आहेत बिचारे. पण मग ते आयुष्यभर परक्या माणसाला नमस्कार करत बसतील.

"आबा," ती म्हणाली, "जरा मागे बघा."

आबांनी मागे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा मागे पाहिलं. मग टोपी परत डोक्यावर घातली.

"सातू, हा चेहरा कुठून आणलास?" कनकने विचारलं.

"अंदाजातून. मी फौजींचे चाळीस लाख फोटो पाहिले आहेत. जिथे चेहरा दिसत नाही, तिथे मी सर्वांत संभाव्य (म्हणजे असण्याची शक्यता जास्त असलेला) चेहरा भरतो."

"बाईंनाही मिशी?"

"गणवेश होता. मी विचारलं नाही."

कनकने डोकं खाजवलं. "अर्धी भाकरी बघून उरलेली गोल असणार, हे कोणीही सांगेल. पण ती कुठे करपली होती ते कसं सांगणार? ते त्या एकाच भाकरीला माहीत."

"बरोबर. चेहरा म्हणजे बहुतेक करपलेल्या जागाच असतात," सातू म्हणाला. कौतुक होतं की काय, कळलं नाही.

"मग मला एक सांग. आबांच्या दादांचा चेहरा गेलाय की झाकलाय?"

सातूच्या डोक्यातला पंखा पहिल्यांदाच जोरात फिरला. हा प्रश्न त्याला चाळीस लाख फोटोंत कोणी विचारला नव्हता.

"झाकलाय," तो सावकाश म्हणाला. "जुना कृष्णधवल फोटो चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो. ते कण कुंकवाखाली अजून असतील. आपल्याला अवरक्त प्रकाश (लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) लागेल."

"त्याने काय होईल?"

"खिडकीच्या जाळीतून डास येत नाही, वारा येतो. आपल्या नेहमीच्या प्रकाशाला कुंकू म्हणजे भिंत आहे, पण या प्रकाशाला ती जाळी आहे. तो आरपार जाईल, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येईल. जिथे चांदी आहे तिथे मात्र अडकेल आणि तेवढी जागा काळी दिसेल. कुंकवाला हातही लावावा लागणार नाही."

"अपमान नाही ना होणार?" आबांनी विचारलं.

"पुसत नाहीये, आबा. नुसतं पलीकडे बघतोय," कनक म्हणाली.

सातूने दिवा लावला. काहीच दिसलं नाही, कारण त्याचा प्रकाश दिसणारा नव्हताच. पण पडद्यावर लाल डोंगर विरघळायला लागला. आधी कपाळ आलं, मग नाक. मिशीच्या जागी मिसरूडसुद्धा नव्हतं. जेमतेम बावीस वर्षांचा एक पोरगा होता. डाव्या कानाच्या जागी पांढरं भोक होतं.

"कान कसरीने खाल्लाय. तो खरोखर गेलाय," सातू म्हणाला. "भरू का?"

"नको. राहू दे मोकळा. आणि खाली लिही, इथे माहीत नाही."

मग डोळे आले, आणि तिघेही थक्क झाले.

डोळे मिटलेले होते. लढाईवर निघालेला नाईक बाळकू निकम, छाती पुढे, हनुवटी वर, आणि नेमका दिवा चमकताना डोळे गच्च मिटून उभा होता.

"दोष आढळला," सातू म्हणाला. "उघडून देऊ?"

आबांनी खाली पडलेली पिशवी उचलली आणि त्यातून एकेक वस्तू टेबलावर मांडली. पेन्शनचं कार्ड. बसचा पास. लग्नातला फोटो, ज्यात आजी कॅमेऱ्याकडे बघत होती. सगळीकडे आबा होते आणि सगळीकडे आबांचे डोळे मिटलेले.

"साठ वर्षं फोटोवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या," आबा म्हणाले. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

सातूने भिंतीवरचे नऊ फोटो एकेक करून खाली काढले. "या सगळ्यांना सोमवारी बोलावतो," तो म्हणाला. "आधी विचारेन, गेलंय की झाकलंय. परिचारिकाबाईंपासून सुरुवात." मग तो टेबलावरच्या कार्डांकडे वळला. "आपलेही डोळे उघडून देऊ का?"

"हात तर लावून बघ," आबा म्हणाले.