टोकावड्याची ओली पत्रकं

टोकावड्याच्या धाब्यावर एसटी थांबली, म्हणून मी उतरले आणि कांदाभजी घेतली. पहिलं भजं तोंडात टाकलं आणि खालच्या कागदाकडे लक्ष गेलं... फिकट गुलाबी, ठसठशीत अक्षरांचा. ‘बैलगाड्या सोडण्याची सोय आहे. राणीच्या भूमिकेत : बाळाराम.’

“अहो, हा कागद कुठून आणलात?”

गल्ल्यावरचा तरुण दचकला. “का? भजी कच्ची हायेत?”

“भजी छान आहेत. कागद दाखवा!”

त्याने गठ्ठाच पुढे केला. गावातल्या नाटकांची, जत्रेतल्या कुस्त्यांची जुनी पत्रकं. माळा साफ करताना निघालेली.

“बाळाराम माझा आजोबा. पण... राणी?” तो हसतच सुटला. “आमाला कोणी बोललंच नाय!”

मुरबाडच्या वाचनालयात अशीच पत्रकं नीट लावून, पाकिटांत जपून ठेवायचं काम मी करते, हे त्याला सांगेपर्यंत कंडक्टर ओरडायला लागला. त्याने गठ्ठा मला देऊनच टाकला, मी तो मांडीवर घेऊन गाडीत बसले. त्याचं नाव रूपेश, हे मला सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून कळलं.

मग तो वाचनालयात येऊ लागला. दर खेपेला कुठल्या तरी गावची पत्रकं घेऊन. आम्ही समोरासमोर बसून गंजलेल्या टाचण्या काढायचो.

“हळू... कोपरा फाटेल.”

“तुमी एवढ्या मायेने फक्त कागदांशीच बोलता?”

“कागद उलट बोलत नाहीत.”

“मग मी पण गप बसतो. ठेवाल मला पाकिटात?”

मी मान खाली घातली. कान मात्र तापले होते... ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, आठवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनालय उघडलं, तर आत पाणीच पाणी. अवकाळी पावसात छत गळलं होतं. रूपेशची पत्रकं अजून पाकिटांत जायची होती. टेबलावर भिजून ती एकमेकांना चिकटली होती. त्याने किती विश्वासाने दिलेली! मी फोन लावला. “रूपेश... तू...” पुढे नुसतं रडूच आलं.

तो आला तेव्हा त्याच्या हातांना बेसन तसंच होतं.

“काय झालं? कुठं लागलं तुला?”

मी टेबलाकडे बोट दाखवलं.

“कागद?” तो बाकावर मटकन बसला. “हुश्श... बरं झालं!”

“बरं झालं? तुझ्या आजोबांची—”

“अगं, मला वाटलं, तुलाच काय झालं! रस्ताभर जीव नुसता टांगणीला होता.”

 मी डोळे पुसले, त्याला हात धुवायला लावले आणि आम्ही कामाला लागलो. टिपकागद अंथरले, पंखा लावला. पहिलं पत्रक अलगद सुटलं... अखंड! छापखान्याची शाई तेलकट, पाण्याने एक अक्षर हललं नव्हतं.

“धाबा टाकून आलास. घरी काय सांगितलंस?”

“आई बोलली, कुठं पळतोस? म्हटलं, जिच्याशी लगीन करायचंय, ती रडतेय.”

माझे हात थांबले. “मला कुठे विचारलंयस...”

“आता विचारतो ना. करशील?”

एका ओल्या पानाची दोन टोकं आमच्या चार हातांत होती. ना त्याला हलता येत होतं, ना मला.

“हो,” मी म्हटलं. “पण पान सोडू नकोस.”

“नाय सोडत,” तो म्हणाला.