पाचवा भाग बाहेर आहे

"जगाच्या इतिहासात असे क्षण फार थोडे येतात!" हात वर करून सेनापतीने जाहीर केलं. "आज आपण चौघं जो निर्णय घेऊ, त्याकडे पुढच्या पिढ्या..."

"दादा, तुझी पँट मागून उसवलीय," भोंगा म्हणाला.

पुढच्या पिढ्या काय करणार होत्या, ते त्यामुळे कळलं नाही. सेनापती घाईघाईने वाचनालयाच्या पायरीवर टेकला आणि इतिहासाचा तो क्षण त्याने बसूनच पार पाडला.

"आजोबांकडे टाक, लगेच शिवून..." वाळवीच्या तोंडून निघालं. मग तिने तोंड मिटलं. बाकीचे तिघं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

वाळवीचे आजोबा शिंपी होते. सुट्टी लागायच्या थोडं आधी ते गेले. तेव्हापासून वाळवीला काहीच वाटत नव्हतं. म्हणजे वाईटही वाटत नव्हतं. रडूसुद्धा आलं नव्हतं. पुस्तकं पोखरते म्हणून जिचं नाव वाळवी पडलं, ती पोरगी आता पुस्तक मांडीवर उघडून पान उलटायला विसरायची. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, ती तशी आख्खीच्या आख्खी झाली होती. कुणी काहीही विचारलं तरी ती म्हणायची, "चालेल." आई म्हणाली, भेंडी करू? चालेल. आई म्हणाली, जा जरा बाहेर. चालेल. म्हणून ती आज इथे होती.

प्रश्न मात्र खरोखरच गंभीर होता. 'वाऱ्याची किल्ली' ही सात भागांची जादूई कादंबरी, जेवढी हाती लागली तेवढी, या मुलांनी पारायणं करून करून पाठ केली होती. दुकानात ती मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. जे काही भाग होते, ते या वाचनालयातल्या मुलांच्या कपाटात. आणि नेमकं ते कपाट अध्यक्षांना हवं होतं.

वाचनालयाच्या अध्यक्षांच्या भाषणांचा जाडजूड संग्रह नुकताच छापून आला होता. त्याच्या पुष्कळ प्रती उरल्या होत्या. म्हणजे सगळ्याच. काचेच्या कपाटात मावतील तेवढ्या कोंबून झाल्या, तरी गठ्ठे होतेच. तेव्हा अध्यक्षांनी तोडगा काढला: मुलांच्या कपाटात प्रत्येक मालिकेतला एकच भाग ठेवायचा. बाकीचे रद्दीत.

"लग्नाला घरातलं एक माणूस गेलं तरी पुरतं की नाही?" ते मुलांना म्हणाले होते. "तसंच हे. प्रतिनिधी म्हणून एक भाग राहील. कुठला, ते तुम्हीच ठरवा. लोकशाही आहे!"

"तिसरा!" सेनापती आता म्हणाला. "घाटातली लढाई! वादच नाही."

"वाद आहे," वकील म्हणाली. ही सेनापतीची आतेबहीण. ती झोपेतही उलटतपासणी घेते, असं तिची आईच सांगायची. "लढाईत काय आहे? नुसती आरडाओरड. सहावा भाग! किल्लीवालीवर खटला भरतात आणि ती एकही खोटं न बोलता सुटते. डोकं लागतं त्याला."

"पहिला!" भोंगा ओरडला. सेनापतीच्या या धाकट्या भावाला हळू बोलायचं यंत्र बसवलेलंच नव्हतं.

"का रे, पहिला का?"

"मी तेवढाच वाचलाय!"

"म्हणजे प्रत्येक भागाला एकेक मत," कोर्टात डोलावतात तशी मान डोलावत वकील म्हणाली. "वाळवी, आता तुझ्यावर आहे. तू म्हणशील तो भाग."

वाळवीने प्रामाणिकपणे आत डोकावून बघितलं. तिसरा? काही नाही. सहावा? काही नाही. फार खोलवर काहीतरी हललं, ते पाचव्या भागाच्या नावाने.

"मला पाचवा आवडायचा," ती म्हणाली.

तिघांनीही एकदम तिच्याकडे बघितलं. कारण पाचवा भाग कुणीच वाचला नव्हता. चौथ्याच्या शेवटी किल्ली विहिरीत पडते आणि सहाव्याच्या सुरुवातीला ती किल्लीवालीच्या गळ्यात असते. चौथ्यात तिच्या लांडग्याला चार पाय असतात, सहाव्यात तीन. मध्ये काय घडलं, ते शिपाईकाकांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "पाचवा भाग बाहेर आहे." कुणाकडे? "वाचकाकडे." वर्षानुवर्षं.

"तू कुठून वाचलास?" सेनापतीने विचारलं.

"आजोबांनी सांगितला. मशीन चालवता चालवता. बॉबिन संपली की गोष्ट थांबायची." वाळवी सपाट आवाजात सांगत होती, जणू वाणसामान सांगतेय. "विहिरीच्या तळाशी एक म्हातारा शिंपी असतो. फाटलेले वारे त्याच्याकडे शिवायला येतात. तो किल्ली देतो, पण त्याचे पाय थकलेले असतात. मग लांडगा आपला एक पाय त्याच्याकडे ठेवून येतो. मशीन चालवायला."

भोंग्याचा आ वासलेलाच राहिला. "हा सगळ्यात भारी आहे!" तो म्हणाला, आणि रस्त्यापलीकडच्या दोन म्हशी... नव्हे, दोन बायका दचकल्या.

"थांबा, थांबा," वकील उभी राहिली. "आजोबांना पुस्तक कुठे मिळालं?"

"ते म्हणायचे, मी वाचनालयातच बघितलंय."

"मग ते इथेच आहे! वाचकाकडे बाहेर असलेलं पुस्तक वाचनालयात कसं बघता येईल? माझी साक्षीदाराला विनंती आहे..."

"तपास!" सेनापती ओरडला, उठला, पँट आठवली, पुन्हा बसला. शेवटी शर्ट बाहेर काढून तो मोहिमेवर निघाला.

सगळी कपाटं पालथी घालून झाली. पुस्तकाचा पत्ता नाही. भोंगा कंटाळून पेन्सिल घरंगळवत बसला. इमारत जुनी, जमीन खिडकीकडे कललेली. कुठल्याही टेबलावर पेन्सिल ठेवली की ती निघालीच खिडकीच्या दिशेने, सहलीला निघाल्यासारखी. वाळवी पेन्सिलकडे नुसती बघत होती. तिला बघण्याशिवाय दुसरं काही कामच नव्हतं. अध्यक्ष हात धुवायला गेले तेव्हा भोंग्याने त्यांच्या टेबलावरही पेन्सिल ठेवली.

ती जागची हलली नाही.

"भोंग्या," वाळवी म्हणाली. "परत ठेव."

पेन्सिल तशीच. ऐटीत.

"जमीन सगळीकडे तिरकी," वाळवी हळूच म्हणाली. "मग हे एकच टेबल सरळ कसं?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. अध्यक्षांच्या टेबलाला हिरवं कापड होतं, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत झालर सोडलेलं. झालरीखाली काय आहे, ते दिसायची सोय नव्हती. सेनापती वाकणार, तेवढ्यात शिपाईकाका धावत आले.

"ए! साहेबांच्या टेबलाला हात लावायचा नाही!"

"का, काका?"

"नाही म्हणजे नाही! सगळं बिघडेल!"

"काय बिघडेल?" वकीलने विचारलं. शिपाईकाकांना एकदम खिडक्या पुसायची आठवण झाली.

सेनापतीने पायरीवर खडूने नकाशा काढला. त्यात दोन आघाड्या होत्या, एक राखीव फौज होती आणि एक भुयार होतं, जे आधी खणावं लागणार होतं.

"हे सगळं करण्यापेक्षा," वकील म्हणाली, "आपण त्यांनाच उचलायला लावू. भोंग्या, मावशीचा कॅमेरा आण."

दुपारी चौघं अध्यक्षांपुढे रांगेत उभे राहिले.

"सर, सुट्टीत आम्ही मोठ्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवतोय," वकील म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर गाईचा भोळेपणा होता. "पहिला फोटो तुमचा. कामात गढलेले."

अध्यक्ष पेपरमधलं कोडं सोडवत होते. त्यांनी ते झटकन फाईलखाली सरकवलं. "अरे वा! घ्या की!"

"पण इथे अंधार पडतो, सर. टेबल खिडकीपाशी घेतलं तर तुमच्या कपाळावर तेज येईल."

"साहेब, टेबल नको!" शिपाईकाकांचा आवाज चिरकला. "मी... मी खिडकी इकडे आणतो!"

"काहीतरीच काय बोलता! धरा तिकडून!" अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या, एक बाजू स्वतः उचलली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. भोंग्याने बटण दाबलं. खटॅक!

टेबल सरकलं. जिथे त्याचा मागचा पाय होता तिथे, धुळीच्या चौकोनात, काहीतरी जाड पडलं होतं.

वाळवीने ते उचललं. हिरव्या कापडाची गवसणी घातलेलं पुस्तक. टेबलाच्या झालरीचंच कापड. आत अस्तर, अस्तरात कापूस, आणि कोपऱ्यांवर दुहेरी टाका. तिच्या दप्तराच्या कोपऱ्यांवर होता, उशीच्या अभ्र्यावर होता, तस्सा. ती अंगठ्याने तो टाका चाचपत राहिली.

"मी सांगतो," शिपाईकाका भिंतीला टेकले. "टेबल डुगडुगायचं. साहेबांचा चहा बशीत सांडायचा, ओरडा मला. म्हटलं, हे पुस्तक बरोब्बर जाडीचं आहे, तात्पुरतं ठेवावं. मग राहिलंच. पोरी, तुझे आजोबा झालरीचं माप घ्यायला खाली शिरले तेव्हा त्यांनी ते बघितलं. म्हणाले, काढतो हे, माझी नात वाट बघतेय याची. मी हातापाया पडलो, म्हटलं माझी नोकरी जाईल. बराच वेळ तिथे खालीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ही गवसणी घेऊन आले. म्हणाले, निदान त्याला लागायचं तरी नाही."

"मग त्यांनी वाचलं कधी?" सेनापतीने विचारलं.

"वाचलं? ते कुठलं! उचललंच नाही तर वाचणार कसं? टेबलाचा पाय जरासा वर धरून गवसणी चढवली, तेवढंच."

वाळवी पुस्तक घेऊन पायरीवर जाऊन बसली. बाकीचे तिघं थोडं अंतर राखून बसले. भोंगासुद्धा चक्क गप्प होता. ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं तेव्हा तिने पुस्तक मिटलं.

"यात शिंपी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"किल्लीवाली विहिरीत उतरतच नाही. माणसं लावून पाणी उपसून घेते. त्याआधी दरबारात अर्धं पुस्तक बैठका होतात. लांडग्याचा पाय दारात चेंगरून तुटतो."

"दारात?" भोंग्याला हे फारच लागलं. "नुसता दारात?"

"हो. एका ओळीत."

वाळवी उठायला गेली आणि तिला उभं राहता येईना. मांडी घालून बसल्याने पाय बधिर झाला होता. मग त्यात मुंग्या यायला लागल्या, आधी बोटांत, मग पोटरीत, आणि मग, कसं कोण जाणे, घशात, नाकात, डोळ्यांत. अशा मुंग्या आल्या की माणसाला हसावं की ओरडावं ते कळत नाही. वाळवीने दोन्ही केलं. वकीलने तिला घट्ट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, "काय मग, झाला का निर्णय? प्रतिनिधी कोण?"

"पाचवा," वाळवी म्हणाली. "पण हा नाही. आजोबांचा." आणि तिने तो सगळा सांगितला, विहिरीच्या तळापासून लांडग्याच्या पायापर्यंत. जिथे बॉबिन संपायची तिथे ती थांबायची. पेपर वाचायला आलेली म्हातारी माणसं खुर्च्या सरकवत जवळ आली. शिपाईकाका फडकं हातात धरून उभे राहिले.

गोष्ट संपल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला. "छान! फारच छान! पण हा भाग छापलेलाच नाही. तो कपाटात ठेवणार कसा? तेव्हा कुठलातरी एक ठेवू, चालेल?"

"नाही चालणार," वाळवी म्हणाली.

भोंगा टाळ्या वाजवणार होता, सेनापतीने त्याचे हात धरले.

"सर, पाचवा भाग वाळवीकडे आहे," वकील पुढे सरसावली. "पण तो कुठे बसतो हे कळायला आधीचे चार लागतात आणि नंतरचे दोन लागतात. आणि तो का लागला, हे कळायला हा गवसणीवाला लागतो. म्हणजे सगळे सात आले!"

"पण माझे गठ्ठे..."

"आणि प्रदर्शनासाठी तुमचा फोटो तयार आहे, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "फार स्पष्ट आलाय. तुम्ही टेबल उचलताय, चेहऱ्यावर तेज आहे आणि टेबलाच्या पायाखाली वाचनालयाचं पुस्तक. कुठे लावू? दारातच लावू का?"

अध्यक्ष फोटोकडे बघत राहिले. तेज खरोखरच आलं होतं.

"बाळांनो," ते उभे राहिले, "मुलांचं कपाट मुलांचंच राहील! सातही भाग राहतील! या चार चिमुकल्यांनी आज वाचनालयाचे डोळे उघडले. अशी चौकस मुलं, अशी निष्ठा, अशी कल्पनाशक्ती ज्या समाजात..." ते बराच वेळ बोलले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिपाईकाकांनी डोळे पुसले, त्याच फडक्याने. वाळवीने गवसणी घातलेला पाचवा भाग चौथ्या आणि सहाव्याच्या मधे सरकवला. तो तिथे बरोब्बर बसला.

भाषण संपवून अध्यक्ष टेबलाशी बसले. शिपाईकाकांनी चहा ठेवला. टेबल डुगडुगलं, चहा बशीत सांडला आणि तिथून सोडवायच्या राहिलेल्या कोड्यावर. अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, कोडं टिपलं आणि मान वर केली.

"वाळवी बेटा, तेवढं टेबलाखाली घालायला काहीतरी बघतेस का? जाडसर. कुणी वाचत नसलेलं."