शेवटचं पोर बसेपर्यंत

जरा जवळ सरकून बस. नात स्वयंपाकघरात आहे, तिच्या कानावर जायला नको. आधीच शरमेनं अर्धी झालीय पोर.

त्या दिवशी कॉलेजच्या पदवीदानाला मी गेले ती सुईदोरा घेऊन. लेकाच्या कोटाचं बटण निघालं होतं. लेक बँडात क्लॅरिनेट वाजवतो. पोरं पदवी घ्यायला ओळीनं निघाली की बँडवाल्यांनी एक संथ धून धरायची, ती शेवटचं पोर खुर्चीत टेकेपर्यंत सोडायची नाही. कुणी चालत असताना वाजणं तुटू नये, हा बँडमास्तरचा नेम. त्या वर्षी ओळीत माझी नातही होती.

स्टेजमागच्या बोळात मी बटण टाचत होते, तर ती काळा झगा सावरत आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "बाबा, आज मला हाक मारू नका हं."

"का गं? पदवी मिळाली की बाप परका?" लेकानं विचारलं.

"मैत्रिणींना मी सांगितलंय... बाबा नाहीत म्हणून."

"नाहीत म्हणजे? बाहेरगावी गेलेत?"

ती जमिनीकडं बघत राहिली. "वारले म्हणून."

सुई माझ्या बोटात घुसली. मान वर करायची लाज वाटली मला. लेक मात्र हसला. "मेलेला माणूस सुरात वाजवतो, एवढं तरी कौतुक कर की!" हसला खरा, पण कोट चढवताना त्याला बाही सापडेना.

धून सुरू झाली. एकेक पोर वर जाई, कागद घेई, उतरून जागेवर बसे. नात सगळ्यांत शेवटी. ती बसली, तसा मास्तरनं हात खाली केला. बाकीचे थांबले. माझा लेक थांबला नाही.

सभागृह चिडीचूप, आणि एकटं क्लॅरिनेट. लोक माना वळवून बघायला लागले.

"अरे थांब..." मास्तर दातओठ खात पुटपुटला. "सगळे बसले."

लेक श्वास घेता घेता म्हणाला, "एकजण यायचाय अजून..."

मग मीही ऐकलं. रिकाम्या स्टेजच्या फळ्यांवर पावलं... एक टेकलेलं, एक ओढलेलं. लहानपणी पडल्यापासून माझ्या लेकाची चाल तशीच आहे. पण लेक तर समोर बसून वाजवत होता! कित्येक दिवस बंद राहिलेल्या घराला येतो, तसला दमट वास आला. पावलं पायऱ्या उतरली, रांगेत शिरली. नातीशेजारची रिकामी खुर्ची करकरली.

तेव्हा कुठं लेकानं धून सोडली.

नात पांढरीफटक. धडपडत उठली, सगळ्यांदेखत बँडाकडं धावली. "हे माझे बाबा आहेत! मी खोटं बोलले होते..." रडत तिनं त्याचा हात धरला.

त्यानं तो हळूच सोडवून घेतला. "अभिनंदन हो, ताई," म्हणाला. "आज तुमचे वडील असायला हवे होते."

मला वाटलं, टोमणा मारतोय. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता गं. ओळखच नव्हती.

अजूनही तसंच. मला ओळखतो, शेजारपाजार ओळखतो, हिला तेवढं अहोजाहो. ती रोज त्याच्यासमोर बसते, हलक्या आवाजात हाक मारते, "बाबा..." तो आपला क्लॅरिनेट पुसत राहतो.

ओ येते ती मागच्या कुलूपबंद खोलीतून. त्याच्याच आवाजात.