कुलूपबंद चार अंश

शीतकोठीचं दार उघडताच तपासनीसबाई एक पाऊल मागे सरल्या. मांसावर हिरवट, बुळबुळीत थर चढला होता. हेच वृद्धाश्रमातल्या अकरा जणांच्या ताटात पडलं होतं. त्यातल्या एक आजी अजून शुद्धीवर नव्हत्या.

"तापमान रोज या मावशींनी भरायचं," नाकाला रुमाल लावून व्यवस्थापक म्हणाले. "कोठी बिघडली तरी डोळे झाकून चार अंश भरत राहिल्या. पोलीस येताहेत."

स्वयंपाकाच्या मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर रोजच्या जेवणाऱ्यांची यादी टांगली होती.

"मी खोटं भरलं नाही हो!"

बाई कार्यालयात आल्या. टेबलावर व्यवस्थापकांचा चकचकीत डबा होता. संगणकावरचा तक्ता एक तारखेपासून कालपर्यंत चार, चार, चार असाच चालला होता.

"तक्ता कुणी केला?"

"मीच. एक तारखेला. कुणी सूत्रं बिघडवू नयेत म्हणून लगेच कुलूपही घातलं."

"पासवर्ड?"

"फक्त माझ्याकडे. माशीसुद्धा शिरायची नाही."

"मावशी, आजचा आकडा भरा बरं."

मावशींनी एका बोटाने बारा टाइप करायला घेतले. पहिल्याच आकड्याला सूचना झळकली, सेल संरक्षित आहे.

"पहिल्या दिवसापासून हे असंच," मावशी म्हणाल्या. "सर म्हणाले, तोंडी सांगत जा. मी रोज सांगत आले."

बाई व्यवस्थापकांकडे वळल्या. "तक्त्यातला प्रत्येक सेल मुळातच लॉक असतो. संरक्षण चालू केलं की ते लॉक लागू होतं. म्हणून दुसऱ्यांनी भरायचे सेल आधी मोकळे करावे लागतात. ते तुम्ही विसरलात. मावशींना इथे एक आकडासुद्धा भरता आला नसता. हे सगळे चारचे आकडे पासवर्डवाल्याने भरलेत."

"भरले मी," व्यवस्थापक चाचरले. "पण अंदाजाने! कोठी बिघडल्याचं या बोलल्याच नाहीत मला."

"मावशी, तापमान पहिल्यांदा कधी चढलं?"

"सहा तारखेला. अकरा झालं होतं. लगेच सांगितलं मी."

बाईंनी भिंतीवरची यादी काढून आणली. पाच तारखेपर्यंत व्यवस्थापकांच्या नावापुढे रोज खूण होती. सहापासून एकही नाही.

"सहा तारखेपासून तुम्ही घरचा डबा आणता. का?"

व्यवस्थापकांनी टेबलावरचा डबा मागे सरकवला. बाईंना त्या माणसाची शिसारी आली, कोठीतल्या मांसाहूनही जास्त.

बाहेर पोलिसांची गाडी थांबली. हवालदार आत आले आणि थेट मावशींकडे वळले.

"त्या नाहीत," बाई म्हणाल्या. "हे. आणि तो डबाही सोबत घ्या."