चिडलेली पाठ

तो दुकानात आला तेव्हा मी पाचवं पदक पुसत होते. त्याला इस्पितळातल्या त्याच्या त्वचारोग विभागाच्या दारावरची पाटी न्यायची होती. पाटी समोरच होती. तो मात्र पदकांकडे बघत उभा राहिला... आणि मग मधल्या पदकावर बोट ठेवून म्हणाला,

"हा मी आहे."

"कोण?"

"हे नाव. माझं आहे."

मी पदक वाचलं. 'त्वचेचा दाह आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांवरील संशोधनाबद्दल गौरव.' मग त्याचा चेहरा वाचला. सन्मानाची बातमी लोकांना पत्राने कळते, फोनने कळते. याला पितळेवरून कळली होती.

"तुम्हाला अजून कळवलं नाही?"

"नाही."

"मग मीही कळवलेलं नाही," असं म्हणून मी पदकांवर फडकं टाकलं.

आता हा हसेल, रडेल, निदान आईला फोन तरी करेल, असं मला वाटलं. त्याने खिशातून एक कुपी काढली, कापसाची काडी त्यात बुडवली, फडकं बाजूला केलं आणि ती काडी स्वतःच्या सन्मानावर खसाखसा घासली. कापूस गुलाबी झाला.

"निकेल," तो म्हणाला. "सोन्याच्या मुलाम्याखाली. हे गळ्यात घातलं की दोन दिवसांनी मला पुरळ येणार."

"म्हणजे पुरळाचा अभ्यास केला म्हणून तुम्हाला पुरळ देणार?"

"हो."

तो हसला नाही. मीही नाही. असा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता... तेवढ्यात त्याची नजर माझ्या हातांवर गेली.

"दाखवा."

सव्वीस वर्षांत माझा हात कुणी असा हातात घेतला नव्हता. लालबुंद, भेगाळलेली बोटं. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता, मला तोही सुरेल वाटला.

"किती वर्षं आहे?"

"हात? सव्वीस."

"पुरळ."

"सहा. इथे कामाला लागले तेव्हापासून. काकू क्रीम देते, ते रोज तीनदा चोपडते. नाहीतर बोटं गळूनच पडली असती."

मागच्या खोलीतून काका बाहेर आले. दुकान त्यांचं. कोरायचं काम मात्र सगळं माझं, म्हणून ते मला छिन्नी म्हणतात. निदान मला तरी हेच कारण सांगतात.

"छिन्नी, हे गृहस्थ कोण? आणि तुझा हात त्यांच्याकडे का आहे?"

"तपासतायत."

"आपल्याकडे गिऱ्हाईक माल तपासतं," काका म्हणाले. "माणसं नाही."

मंगळवारी मी तपासणीसाठी त्याच्या इस्पितळात पालथी पडले होते. सिस्टर माझ्या पाठीवर तीस छोटे चौकोन चिकटवत होत्या. प्रत्येक चौकोनात एकेक संशयित: निकेल, रबर, रंग, सुगंध, आणखी काय काय. ज्याची खूण उमटेल तो चोर.

"त्वचा लगेच बोलत नाही," तो पडद्याआडून म्हणाला. "गुरुवारी बोलेल."

"माझी काकू लगेच बोलते."

"मग संशोधन त्यांच्यावर व्हायला हवं."

हा त्याचा पहिला विनोद. त्याचा त्यालाच धक्का बसला असावा, कारण पडद्याआड काहीतरी खणकन खाली पडलं.

"पाठ भिजवायची नाही," तो पुढे म्हणाला. "खाज आली तर मला सांगा."

"तुम्ही खाजवणार?"

सिस्टर खोकल्या. पडदा सरकला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. दाह. दुसरं काय.

बुधवारी तो 'पदकांचं कसं चाललंय' हे विचारायला आला आणि दोन तास बसला. मी पाचही पदकं निकेल वगळून नव्याने केली होती, आता नावं कोरत होते. काका दर दहा मिनिटांनी बाहेर डोकावत. "या कापूसवाल्यांना घर नाही का?" असं त्यांनी मला विचारलं. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"हात थरथरला तर?" त्याने मला विचारलं.

"काम सुरू असताना नाही थरथरत. एरवी थरथरतो." मी मान वर केली नाही. "आत्ता जरा... तुम्ही थोडे लांब बसाल का?"

तो लांब बसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "आवडतं हे काम तुम्हाला."

"दुसरं काही येत नाही. यावं असं वाटतही नाही. पुढच्या महिन्यात काका दुकान माझ्या हवाली करणार आहेत. मला कळू न देता. सगळ्या गल्लीला सांगून झालंय."

गुरुवारी सिस्टरांनी पट्ट्या काढल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई!" आपल्या पाठीमागे उभं राहून कुणी असं म्हणू नये. मग तो पुढे आला. एका पुरुषाने माझ्या पाठीकडे इतकं भान हरपून पाहावं, आणि त्याच्या हातात भिंग असावं...

"निकेल," तो म्हणाला. "अधिक अधिक."

"म्हणजे पास?"

"म्हणजे... तुम्हाला हे काम सोडावं लागेल. आजपासूनच. धातूला हात लावायचा नाही."

खोलीत सगळं होतं तिथेच होतं. फक्त माझ्या पायाखालची फरशी कुणीतरी काढून नेली होती. मी "बरं" म्हणाले. कपडे सारखे केले आणि त्याच्याकडे न बघता निघून आले. काकांना सांगितलं नाही. कसं सांगणार होते?

शुक्रवारी सभागृहात आम्ही दुसऱ्या रांगेत होतो, पदकं आमचीच म्हणून. ही माझी शेवटची पाच. निवेदिका एकेकाचं कार्य वाचत होती. मग त्याची पाळी आली.

"यांनी दाखवून दिलं, की पाठीवरच्या चाचणीचं दोन दिवसांनी केलेलं वाचन अपुरं असतं. पाठ चिडलेली असेल तर ती कशालाही लाल होते. म्हणून चार दिवसांनी पुन्हा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असा आग्रह यांनी नऊ वर्षं धरला—"

"काय?" मी म्हणाले.

मनात म्हणाले होते. पण ते तोंडातून बाहेर पडलं आणि माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सगळ्या माना वळल्या. प्रमुख पाहुण्यांनी त्याच्या गळ्यात पदक अर्धवटच घातलं होतं, ते एका कानाला अडकलं. तो तसाच माइकपाशी आला.

"त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "काल मी एका पाठीचं वाचन दोनच दिवसांत केलं. तीसपैकी बावीस चौकोन लाल होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं, की पाठ चिडली आहे. मला फक्त निकेल दिसलं. कारण मी घाबरलो होतो... त्या पाठीसाठी."

काका सावकाश माझ्याकडे वळले.

"छिन्नी. कुणाची पाठ?"

"समोर बघा, काका."

"मी समोर बघतो गं. बाकीचे सगळे तुझ्याकडे बघतायत."

शनिवारी पुन्हा वाचन होतं. त्याने ते करायला साफ नकार दिला. विभागप्रमुख मोठ्या बाईंना, माझ्यादेखत, हात धुता धुता म्हणाला, "माझा यांच्यावर जीव जडलाय, त्यामुळे माझं वाचन ग्राह्य धरू नये."

आणि बाहेर गेला. प्रेमाची कबुली मला अशी मिळाली. वरिष्ठांमार्फत, रजेच्या अर्जासारखी. मी पालथी होते, त्यामुळे माझा चेहरा कुणालाच दिसला नाही. बरंच झालं.

"निकेलची जागा कोरी," मोठ्या बाई म्हणाल्या. "लाली होती ती सगळी गेली. थांब हं... एक आहे. चांगलं टरारून आलंय. सुगंध. काय लावतेस गं, अत्तर?"

"नाही हो. मी फक्त..."

मी फक्त काकूचं क्रीम लावत होते. गुलाबाच्या वासाचं. रोज तीनदा, सहा वर्षं. हात बरे व्हावेत म्हणून.

मला काम सोडायचं नव्हतं. काकूचं क्रीम सोडायचं होतं. दुसरं जास्त अवघड होतं, पण मी रडले ते पहिल्यामुळे.

बाहेर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेजारी काका, पहाऱ्याला. मी सगळं सांगितलं. काका बाकावर बसले.

"हे तिला कोण सांगणार? मी नाही. माझा संसार तीस वर्षं टिकलाय, तो काय असाच नाही टिकला."

"मी सांगतो," तो भिंतीला म्हणाला.

"वळा आता," मी म्हणाले. "भिंतीला माहीत नाही काकू कशी आहे."

तासाभरात तो काकूसमोर खुर्चीच्या टोकावर बसला होता. सगळं सांगितलं, काहीही न लपवता. काकू ट्यूब हातात घेऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्याचा रंगच गेला.

"म्हणजे पोरीचे हात मी... माझ्या हातांनी..."

"नाही, काकू." तो खुर्चीवरून उठून तिच्यापुढे खालीच बसला. "तुम्ही काळजी घेतलीत. काळजीपोटी माणूस चुकतो. माझं तर भर सभेत उघड झालंय."

काकूने डोळे पुसले. मग त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"बोलता बरे तुम्ही. पण डॉक्टर काही घरी येऊन जमिनीवर बसत नाहीत. तुम्ही आमच्या पोरीचे कोण?"

"मी... म्हणजे..." त्याने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची सगळी सावधगिरी त्याच्या चेहऱ्यावर परत आली होती. "तसा निष्कर्ष काढायला अजून... त्यांचं मत..."

"जावई," मी म्हणाले.

काकूच्या हातून ट्यूब पडली. काकांनी दाराचा आधार घेतला. तो जमिनीवरच होता, म्हणून वाचला. सगळ्यांनाच जबर धक्का बसला होता. सगळ्यात मोठा मला.