सुईवरून निसटलेलं कार्ड

गांधीबागेत, कापडाच्या ठोक बाजारात, एका साडीच्या दुकानावरच्या माडीत शोध समितीची कचेरी होती. खालून दिवसभर कोऱ्या कापडाचा वास आणि भाव करणाऱ्यांचा गलका वर यायचा. माडीवर मात्र पत्रांचं राज्य. 'आमचा माणूस घरातून निघून गेला' म्हणून लिहिणाऱ्यांची पत्रं, आणि 'आमच्या गावात एक अनोळखी माणूस आला आहे' म्हणून कळवणाऱ्यांची. टपाल यायचं ते पोत्याने.

एवढ्या ढिगातून एकाचं दुसऱ्याशी जुळवायचं कसं? समिती चालवणाऱ्या शोभाताईंनी त्यावर एक युक्ती बसवली होती. प्रत्येक पत्रामागे एक जाड कार्ड. कार्डाच्या चारी कडांना भोकांची रांग आणि एकेका भोकाला ठरलेला अर्थ: पुरुष की बाई, वय, अंगावरची खूण, गाव किंवा वस्ती, आणि शोध घेणारं कोण. जे लागू असेल त्या भोकाची कड चिमट्याने कापायची, रेल्वेतला तपासनीस तिकिटाला कापतो तशी. मग गठ्ठा उभा धरून हव्या त्या भोकातून विणायची लांब सुई घालायची आणि उचलून हलवायचं. भोक शाबूत असलेली कार्डं सुईला लटकून राहायची, कापलेली तेवढी खाली पडायची. पडलेल्यांत पुन्हा दुसऱ्या भोकातून सुई. चहा निवेपर्यंत हजारोंतून हवं ते पत्र हाती यायचं.

"ही युक्ती कुणाच्या मालकीची नाही," शोभाताई म्हणायच्या. भोकांच्या अर्थाचा तक्ता त्यांनी जिन्याच्या तोंडाशीच लावला होता आणि मागेल त्याला त्या नक्कल द्यायच्या. "ज्याला शोधायचं असेल त्याने यावं, शोधावं."

उजव्या कोपऱ्यातलं शेवटचं भोक राखीव होतं. माणूस सापडला की ते कापायचं. कार्ड खाली पडायचं आणि पत्रासकट कपाटात जायचं.

कार्डं देवकी सांभाळायची. सक्करदऱ्याला तळ्याच्या बाजूला एका खोलीत ती एकटी राहायची. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, मग पितळी करंड्यातलं कुंकू. भुवईवरच्या तिळाला बोट लागू न देता ती ते लावायची आणि मगच तोंडात पाणी घ्यायची. हे व्रत नवरा गेला त्या दिवसापासूनचं. गिरिधर उमरेडचा विणकर. साड्यांचा गठ्ठा घेऊन तो गांधीबागेला निघाला तो परतलाच नाही. त्याचंही कार्ड याच गठ्ठ्यांत होतं. काम सुरू करण्याआधी देवकी रोज कोपऱ्याच्या भोकातून सुई घालायची. ते कार्ड लटकलेलं पाहायची. मग पदर खोचायची.

यंदा त्याला जाऊन बारा वर्षं भरत होती. बारा वर्षं ज्याचा ठाव नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, अशी रीत. धाकटा दीर वामनराव निरोप सांगून गेला होता, "वयनी, पितृपक्षात करून टाकू. नागपंचमीले येतो, तवा सांगजा."

पुतळा जळला की कुंकू पुसायचं. तेव्हापासून देवकीच्या हाताला स्वस्थता नव्हती. दूध उतू जायचं. जप करताना मणी चुकायचा.

आषाढ सरत आला आणि कुहीहून एक पत्र आलं. देवळात एक वाट चुकलेली म्हातारी बसलेली आहे, नाव सांगत नाही. देवकीने बायकांच्या भोकातून सुई घातली. पडलेल्या कार्डांत एक कोरं निघालं. नाव नाही, पत्राचा क्रमांक नाही. बाई एवढ्या एकाच अर्थाची कड कापलेली.

"खराब झालेलं असेल, ठेव बाजूला," शोभाताई म्हणाल्या.

देवकीने ते टेबलाच्या खणात टाकलं. टाकताना बोटांना ते निराळंच लागलं. इतर कार्डांहून ताठ. नाकाशी नेलं, तर खळीचा वास आला. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला तांदळाची खळ लावतात ना, तोच आंबूस वास. गिरिधरच्या सदऱ्यांना यायचा तो.

खाली दुकानात साड्यांना खळ असतेच, तिने मनाला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाला शोधताना तेच कार्ड सुईवरून निसटलं. खण उघडून पाहिला तर रिकामा. आता कार्डाला आणखी कडा कापलेल्या होत्या. वय चाळिशीच्या घरातलं. खूण, चेहऱ्यावर तीळ.

झाडलोट करणारी तुळजाबाई कोपऱ्यात केर भरत होती. कापलेल्या कडांचे कपटे अर्ध्या टिकलीएवढे, सगळीकडे उडायचे. रोज ती कुरकुरायची, "तुमच्या या टिकल्या मले घरी भातात बी दिसतात वं."

"तुळजाबाई, काल मी गेल्यावर कोनी चिमटा चालवला का?"

"कोन चालवीन? काल तं एक टिकली नाई निघाली केरात. मीच म्हटलं, आज देवकीबाईचा उपास दिसते, चिमट्यालेबी उपाशी ठेवलं."

देवकी हसली नाही. तिने कार्डाच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवला. वस्त्यांची रांग. एका ठिकाणी अंगठा अडकला. तक्ता तिला पाठ होता, तरी ती जिना उतरून पाहून आली.

सक्करदरा.

खालची कड राहिली होती, शोध घेणाऱ्याची. आई, बाप, भाऊ, ही भोकं शाबूत. त्यापुढचं कापलेलं.

पती.

"कोणीतरी थट्टा करतंय," शोभाताई म्हणाल्या, पण त्यांनी कार्ड हातात घेतलं नाही. "तक्ता तर बाहेर लावलेला आहे. कोणालाही वाचता येतो."

"हो ताई. कोनालेबी," देवकी म्हणाली.

त्या दिवशी ती घरी चालत गेली, पण पाय जमिनीला लागत नव्हते. बारा वर्षं आपण त्यांना शोधतोय, आणि तेही आपल्याला शोधून राहिले आहेत! शोधतो तो जिवंतच असणार. देवापुढे तिने तुपाचा दिवा लावला. तरी झोप आली नाही. कूस बदलावी तिकडे खळीचा वास.

नागपंचमी उजाडली. या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. कुंकू लावून देवकी कचेरीत आली आणि तुळजाबाईच्या देखत तिने चिमटा फडक्यात गुंडाळला, वर सुताच्या दोन गाठी मारल्या.

दुपारी वामनराव आला. खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"काय ठरवलं वयनी?"

"पुतळा करायचा नाई भाऊजी. ते हायेत. मले शोधून राहिले."

तिला वाटलं, तो हसेल, नाहीतर चिडेल. वामनराव टोपी काढून हातात फिरवत राहिला.

"मले मालूम हाय," तो म्हणाला.

"काय मालूम हाय?"

"दादाच्या मागावर मी जुना ताणा तसाच ठेवला होता, आठवण म्हणून. हा आषाढ लागला तसा तो रोज सकाळी ओला राहते. ताजी खळ लावलेली. उमरेडच्या घराले कुलूप, आत कोनी नाई." त्याने आवाज खाली आणला. "म्हणून तं म्हणतो, अग्नी देऊन टाकू. त्याले सुटू द्या. तुमीबी सुटा."

"तुमी काहून भेता? घरचंच मानूस हाय."

"घरचंच हाय म्हणून तं भेतो, वयनी."

खाली कुणीतरी कापडाचं ठाण उलगडलं. फडफड वरपर्यंत आली. देवकीचा हात कपाळाशी गेला, कुंकवाच्या अगदी जवळ, आणि थांबला.

"नाई," ती म्हणाली. "हे मी नाई पुसणार."

वामनरावने टोपी घातली. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून तो वळला.

"आज सकाळी ताणा कोरडा होता," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा."

तो गेला.

देवकीने सुई उचलली. सकाळची दर्शनाची सुई आज घालायची राहून गेली होती. कोपऱ्याच्या भोकातून सुई पार झाली. तिने गठ्ठा उचलला, हलवला.

गिरिधरचं कार्ड लटकलेलंच राहिलं.

कोरं कार्ड पडलं.

पालथं पडलं होतं. तिने ते उलटं केलं. कोपऱ्याची, सापडल्याची कड कापलेली. कापाची जागा ओली होती, बोटाला चिकटली.

फडक्याच्या दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या.

"तुळजाबाई, केर काढला का?"

"काढला ना. टिकली एकबी नाई."

ती दिवेलागणीला घरी पोचली. कुलूप तिचं तिनेच उघडलं. खोलीत सकाळी ठेवलं तसं सगळं होतं. तांब्या पालथा, चटई गुंडाळलेली, तुळस ओली. तिने हातपाय धुतले. दिवा लावायच्या आधी कुंकू सारखं करावं म्हणून करंडा घेतला.

झाकण घट्ट बसलं होतं. नखाने उचकटावं लागलं.

कुंकवावर पांढऱ्या टिकल्या होत्या. अर्ध्या अर्ध्या, नीट ओळीने मांडलेल्या. बाई. वय. तीळ. सक्करदरा. पती. आणि सगळ्यांत शेवटी एक, जी अजून ओली होती, आणि तिच्याभोवतीचं कुंकू हळूहळू भिजत चाललं होतं.