आकाशपूल आणि एक पादचारी

"हलू नका! अजिबात हलू नका... उजवा बूट आहे तिथेच राहू द्या."

ती जागच्या जागी थिजली. सकाळचे पावणेनऊ वाजले होते, चौक धुक्यात अर्धा बुडालेला, सिग्नलचा लाल दिवा हवेत एकटाच तरंगत होता. आणि तिच्या हातात चष्म्याची एक काडी होती. उरलेला चष्मा नाकावरून घसरत होता. स्क्रू कुठे उडाला, देव जाणे.

धुक्यातून निळा स्वेटर घातलेला एक माणूस आला, तिच्या पायाशी गुडघा टेकून बसला आणि चिमटीत काहीतरी पकडून उठला. मोहरीपेक्षाही लहान असेल ते.

"एवढंसं लांबून दिसलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पोट यांच्यावरच भरतं माझं. समोरचं चष्म्याचं दुकान आहे ना, ते माझं." त्याने खिशातून पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. तिच्या नाकावरचा चष्मा आणि हातातली काडी अलगद काढून घेतली, काडी जोडून स्क्रू दोन वेळा फिरवला, काचांवर फुंकर मारली आणि परत तिच्या डोळ्यांवर बसवला. "आता बघा. दिसतोय का मी?"

दिसत होता. जरा जास्तच स्पष्ट दिसत होता. तिने घाईघाईने घडीचं स्टूल उघडलं आणि कागदांचा पुठ्ठा मांडीवर घेतला.

"सकाळी सकाळी इथे काय करताय, विचारू का?"

"माणसं मोजायची आहेत. आकाशपुलासाठी."

त्याचा चेहरा असा पडला की तिला हसूच आलं. "म्हणजे तुम्ही शत्रुपक्षाच्या!"

"मी कुठल्याच पक्षाची नाही. मी फक्त मोजते."

या आकाशपुलावरून गावात दोन महिने नुसतं रणकंदन चाललं होतं. चौकाच्या एका बाजूला नवं व्यापारी संकुल, दुसऱ्या बाजूला स्टेशन. दोन्हींचे पहिले मजले काचेच्या पुलाने जोडायचे, म्हणजे लोक गाड्यांच्या डोक्यावरून आरामात जातील. शाळेच्या बाई पुलाच्या बाजूने होत्या, कारण रोज संध्याकाळी मुलांना रस्ता पार करून देताना त्यांचा जीव टांगणीला लागायचा. फुटपाथवरचे दुकानदार विरोधात होते. माणसं वरून निघून गेली तर खाली दुकानात डोकावणार कोण? भांडण मिटत नाही म्हटल्यावर पालिकेने एक नियम लावला. सकाळी नऊ ते दहा या तासात सरासरी सहाशे किंवा जास्त लोक रस्ता ओलांडत असतील तर पूल, नाहीतर नाही. मोजणी दहा दिवस. मोजताना माणूस ओळखायचा नाही, फक्त ओलांडणं मोजायचं. जितक्यांदा कोणी ओलांडेल तितक्यांदा एक रेघ.

हे काम तिच्या कंपनीला मिळालं होतं आणि कंपनीने ते तिच्यावर सोपवलं होतं. तिच्या नावावरचा पहिलाच अहवाल. तो नीट झाला तर पुढच्या महिन्यापासून नोकरी कायम, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती डोळ्यांत तेल घालून मोजत होती.

चष्मेवाल्याचं दुकान दहाला उघडायचं. त्याआधीचा तास त्याला मोकळा असायचा, आणि त्या तासात त्याला हल्ली रस्त्यापलीकडे फार कामं निघू लागली होती. कधी वर्तमानपत्र घ्यायला, कधी हवा कशी आहे ते बघायला. एकदा तर तो आला आणि नुसताच उभा राहिला.

"आज काय काम काढलंत?" तिने कागदावरची नजर न हलवता विचारलं.

"आज... विसरलो. येताना आठवत होतं."

"मग परत जा, वाटेत आठवेल."

तो खरंच गेला आणि दोन मिनिटांनी हसत परत आला. "आठवलं! तुमचा चष्मा ढिला तर झाला नाही ना, ते विचारायचं होतं."

"झाला नाही."

"अरेरे," तो इतक्या मनापासून हळहळला की तिची पुढची रेघ वाकडी गेली.

एकदा त्याची मावशी येऊन गेली. लहानपणापासून तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि गल्ल्यावरही तीच बसायची. तिने स्टुलावरच्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू होय ती! राहतो दुकानाच्या मागे, दूधवाला येतो दारात, या बाजूला याचं काडीचं काम नसतं गं. मी म्हटलं, बघून तरी येऊ." आणि उत्तराची वाट न बघता चालती झाली. स्टुलावरची मात्र कानापर्यंत लाल झाली होती.

धुकं रोज थोडं उशिरा विरायचं. ते विरताना पलीकडच्या काचेच्या दारात आधी निळा रंग दिसायचा, मग माणूस. सिग्नल हिरवा व्हायच्या आतच तिचं मन रस्ता ओलांडून गेलेलं असायचं. आपण प्रेमात पडलो आहोत हे तिला कळत होतं. फक्त ते कोणाला सांगायचं नव्हतं, त्याला तर नाहीच.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि बेरीज केली. सरासरी सहाशे तीन. पूल होणार होता.

तिचे वडील चहाचा कप घेऊन शेजारी बसले. त्यांनी कागद उलटसुलट केले. "हे समासात ठिपके कसले गं?"

"शाईचे डाग आहेत, बाबा."

"रांगेत पडलेले?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि पहिल्या दोन कागदांवर एकही नाही. तिसऱ्या दिवसापासून पेन गळायला लागलं होय?" ते आणखी काही बोलले नाहीत. कप घेऊन गॅलरीत गेले.

तिने ठिपके मोजले. पन्नास. म्हणजे दहा दिवसांवर वाटले तर दिवसाला सरासरी पाच. सहाशे तीनमधून पाच गेले की पाचशे अठ्ठ्याण्णव. ज्या माणसाच्या दुकानापुढचा रस्ता ओस पडणार होता, त्यानेच तिला भेटायला येऊन येऊन पुलाचा आकडा पुरा केला होता. आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं.

"नियमात बसतं ना?" साहेब म्हणाले. "ओलांडलं की रेघ. मग उगाच खुसपट कशाला काढतेस?"

नियमात बसत होतं. तिने मान डोलावली. पण घास काही गोड लागेना.

शनिवारी दुपारी पालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी झाली. बसायला जागा नव्हती. शाळेच्या बाई तळमळून बोलल्या. काठी टेकत आलेल्या एका आजींनी अध्यक्षबाईंना सुनावलं, "जिने तुमचे आणि गुडघे माझे! मी वर चढायचं कसं?" सभागृह हसलं. मग साहेबांनी पडद्यावर आकडा दाखवला आणि हसणं थांबलं.

चष्मेवाला उठला. आजही निळाच स्वेटर. "हा आकडा मला जास्त वाटतो. नऊ ते दहा मी स्वतः तिथे असतो, रोज..." आणि बोलता बोलता तो अडखळला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळलं होतं. तिला ते इतक्या लांबून स्पष्ट दिसलं.

"बोला ना," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मोजणीत चूक आहे असं म्हणणं आहे का तुमचं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य, आणि त्याचं दुकान वाचलं असतं. "नाही," तो हळूच म्हणाला. "मोजणी बरोबर असणार. त्यांनी फार मनापासून केलीय." आणि तो खाली बसला.

तिला राहवेना. साहेबांनी डोळे वटारले तरी ती उभी राहिली.

"मॅडम, रेघा बरोबर आहेत. पण यातली रोजची पाच माणसं म्हणजे एकच माणूस आहे. त्याला रस्त्यापलीकडे काही काम नव्हतं."

"मग तो येत का होता?"

"मला... मला भेटायला."

सभागृहात खसखस पिकली. मावशी तर दुसऱ्या रांगेतून वळून वळून सगळ्यांकडे बघत होती.

"इतक्या गर्दीत तोच माणूस, हे तुम्ही कशावरून सांगता?"

तिने कागद पुढे केले. "तो आला की मी समासात ठिपका द्यायचे. येताना एक, जाताना एक."

"ठिपक्यांचं नियमात काही नाही."

"नाही, मॅडम. ते माझ्यासाठी होते."

अध्यक्षबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग त्यांनी निर्णय दिला. सोमवारपासून दहा दिवस फेरमोजणी, दुसऱ्या माणसाकडून. "आणि या गृहस्थांनी," त्यांनी निळ्या स्वेटरकडे बोट दाखवलं, "नऊ ते दहा या वेळात कृपया आपल्याच फुटपाथवर थांबावं."

साहेब जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी दुपारी ये, बोलू." त्यांच्या आवाजावरून काही कळलं नाही.

बाहेर बारीक भुरभुर सुरू होती. सभागृहाच्या पायऱ्यांवर तो तिची वाट बघत उभा होता.

"असं का केलंत? नोकरी जायची तुमची!"

"तुम्ही दुकान घालवायला निघाला होता, ते चाललं?"

"तुमचं नाव खराब झालं असतं..." तो थांबला. "फेरमोजणीतही सहाशे भरले तर?"

"तर पूल होईल. खऱ्या माणसांसाठी झाला तर मला चालेल."

"मलाही." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "ते ठिपके... पहिल्या दिवसापासून?"

तिने चष्मा काढला आणि ओढणीने पुसू लागली. चष्मा नसला की बोलायला धीर येतो, हे तिला आजच कळत होतं. "तिसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी तुम्ही साडेनऊपर्यंत आलाच नव्हता. मला काही सुचेना. तेव्हा कळलं... मला तुम्ही आवडता. फार आवडता."

पाऊस दोघांच्या केसांवर बारीक बारीक साठत राहिला.

"मलाही तू..." म्हणता म्हणता त्याने कपाळावर हात मारला. "अन् नेमकं आता दहा दिवस मला पलीकडे येता येणार नाही!"

"ठाऊक आहे. मीच येईन. पण नऊच्या आत यावं लागेल, नाहीतर माझीही रेघ पडेल."

"आणि परत कधी जाशील?"

"नऊ ते दहा मलाही ओलांडता येणार नाही ना," ती म्हणाली. "म्हणजे तासभर तुझ्याच दुकानात बसावं लागेल."

त्याने तिच्या हातातला चष्मा घेतला, हलकेच तिच्या डोळ्यांवर बसवला, आणि दोघं भुरभुरत्या पावसात पायऱ्या उतरू लागले.